जावई गळाला लागले!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमचे जावई वाया गेले.

तसा माणूस लाखात एक. दारू नाही, सिगरेट नाही, पत्ते खेळले तर गणपतीत, तेही पैसे न लावता. अटलांटाच्या उत्तरेला स्वतःचं घर, कुठल्याशा बँकेच्या संगणकांचं काम, शनिवारी मुलाला तबल्याच्या क्लासला नेणं-आणणं. मी गेले की विमानतळावर जातीने घ्यायला येतात, चारचौघांत वाकून नमस्कार करतात. यंदाही केला. पण सामान गाडीत ठेवायला गेले, तर माझी बॅग काही आत जाईना. मागच्या काचेपासून पुढच्या आरशापर्यंत सात-सात फुटांच्या पाच काठ्या आडव्या पडलेल्या. नातू म्हणाला, "आजी, ते बाबांचे रॉड्स आहेत." मला वाटलं, पडद्यांचे. मनात म्हटलं, बरं झालं, लेकीने एकदाचे हॉलचे पडदे बदलायला काढले.

मी एक काठी जरा बाजूला सारायला गेले, तर लेक घाईघाईने म्हणाली, "आई, हात नको लावूस. ती ग्रॅफाइटची आहे." आपण "सोवळ्यातलं आहे" म्हणतो ना, तो सूर. मी बॅग मांडीवर घेऊन घरी आले.

घरी आल्यावर एकेक प्रकरण बाहेर यायला लागलं. गराजमध्ये गाडी लावायला जागा नाही, कारण भिंतीला काठ्या. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे एक डबा. मी भाजी समजून उघडला, आत जिवंत गांडुळं. ती म्हणे नातवाची, लहान मासे धरायला. जावईबापू असल्या गावठी आमिषाला शिवत नाहीत, त्यांची गांडुळं प्लास्टिकची. जांभळी, मोरपंखी, चकाकणारी, आणि त्यांना चक्क लसणीचा वास. मी कोकणातली, वेंगुर्ल्याची. माझे काका खाडीवर गरवायला बसायचे तेव्हा हातात बांबूची काठी, तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि टोकाला एक सुंगट, एवढा संसार. लसणीची फोडणी मासा घरी आल्यावर पडायची. इथे ती आधीच पडते.

आणि हे सगळं कोणासाठी? तर बॅस नावाच्या माशासाठी. आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे. तिथे त्याच नावाच्या माशापायी कुणाला पुरे म्हणून होत नाही.

मासा मी पाहिला. लार्जमाउथ बॅस, म्हणजे मोठ्या तोंडाचा. हिरवट अंग, कुशीवरून काळपट पट्टा, आणि जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला. लग्नात जेवायला बसवू नये असा चेहरा. गोड्या पाण्यातला, आपल्या मरळीसारखा दबा धरून बसणारा. जॉर्जिया आणि शेजारच्या अलाबामाने त्याला राज्यमाशाचा मान दिलाय. आपल्याकडे पापलेटाला तो गेल्या काही वर्षांत मिळाला, पण पापलेट आपण निदान खातो.

ऐका तर खरं. हे लोक मासा धरतात, फोटो काढतात, आणि सोडून देतात! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला हे आपल्यालाही ठाऊक आहे, पण मसाला वाटून झाल्यावर कोंबडीला दार उघडून "जा हो बाई" म्हणणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

याचा मूळपुरुष कोण ते मी खोदून काढलं. रे स्कॉट. अलाबामातल्या माँटगोमेरीचा विमा एजंट. आता विमा एजंटाने एखाद्या गोष्टीत हात घातला की ती घरोघरी पोचणारच. याने 1967 साली अर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बॅस धरण्याची स्पर्धा भरवली आणि पुढे देशभरच्या गळवाल्यांची संघटना उभी केली. 1971 मध्ये पहिली 'बॅसमास्टर क्लासिक'. त्यासाठी 24 स्पर्धकांना विमानात बसवलं, आणि कुठे चाललोय ते विमान आकाशात गेल्यावर सांगितलं! उतरवलं नेवाडाच्या वाळवंटातल्या लेक मीडवर. बक्षीस 10,000 डॉलर. आता तेच 3,00,000 डॉलरवर गेलंय. माशांना जिवंत ठेवून परत सोडायची रीतही याच गृहस्थांनी 1972 पासून रुजवली, तळ्यांतले मासे संपायला नकोत म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक जिवंत राहिलं तर हप्ते चालू राहतात. एजंटच तो.

पैसा आला की लबाडी आलीच. 2022 मध्ये लेक ईरीवरच्या एका स्पर्धेत, ती बॅसची नव्हे, वॉलाय नावाच्या माशाची, दोघांच्या माशांची पोटं चिरली तर आत शिशाचे गोळे! वजन वाढवायला कोंबलेले. बक्षीस होतं 28 हजार डॉलरांच्या वर. दोघांना दहा दिवसांची कैद झाली, आणि बोट गेली ती वेगळी. आपल्याकडे रद्दीवाला तराजूखाली चुंबक लावतो त्याला आपण नावं ठेवतो.

असो. मूळ भानगड राहिलीच. मूळ भानगड काठीची.

मला वाटलं होतं, काठी ती काठी. पण नाही. तिथे काठीवरून तट आहेत, घराणी आहेत, अबोले आहेत. एक पक्ष ग्रॅफाइटचा, दुसरा फायबरग्लासचा. अटलांटाच्या मराठी माणसांत एक कोल्हापूरचे गृहस्थ आहेत, ते ग्रॅफाइट पक्षाचे पुढारी. लेकीने चार मंडळी जेवायला बोलावली होती, तेव्हा ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझी चाळीस टनाची आहे." मला वाटलं, एकरी ऊस. मी म्हटलं, "वा, पाणी चांगलं दिसतंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते काठीचं बोलत होते. जपानी कारखानदार काठीतल्या धाग्याचा ताठरपणा टनांत मोजतात. चोवीस टन, तीस टन, चाळीस टन. अमेरिकन लोक तोच आकडा दशलक्ष पौंडांत सांगतात. सोन्याच्या कॅरेटसारखं वाटतं, पण हॉलमार्क कोणाचाच नाही. काठीवर काय छापायचं याचा सगळ्यांना बांधणारा एकच नियम नाही, जो तो आपला आकडा आपण छापतो. शिवाय काठीत तो भारी धागा किती आणि साधा किती, हे आकडा सांगत नाही. केशर घातलंय हे खरं, पण किती काड्या?

दुसऱ्या पक्षाचे पुढारी शेजारचे म्हातारबुवा, निवृत्त पोस्टमन. त्यांच्याकडे काळी, वर लालपिवळे पट्टे असलेली, शेंड्याला पारदर्शक अशी एक काठी. तिचं नावच 'अग्ली स्टिक', कुरूप काठी. 1976 पासून बाजारात आहे. मला हे नाव एकदम पटलं. लेकरू सुरेख असलं की आपणही तीट लावतो. ही काठी खरी पाहता भेसळीची, काच आणि ग्रॅफाइट दोन्ही एकत्र, शेंडा मात्र निव्वळ काचेचा. पण कोल्हापूरकरांच्या लेखी ती काचेचीच आणि म्हणून अस्पृश्य. "ती काय काठी आहे? दांडकं आहे," ते म्हणतात. म्हातारबुवा काही म्हणत नाहीत. ते त्यांच्यापेक्षा जास्त मासे धरतात.

जावई मधे. म्हणजे खरं तर बिचाऱ्यांचं सँडविच झालेलं. नोकरीतले मित्र ग्रॅफाइटवाले, शेजार काचेचा, आणि बायको दोन्हींच्या विरोधात.

मी मुळातली शिक्षिका, शास्त्र शिकवलं तीस वर्षं. म्हटलं, आधी वंशावळ काढू.

तर पहिली काठी आपली. हसू नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उत्तम काठ्या व्हायच्या त्या 'कॅलकटा केन'च्या, म्हणजे आपल्या देशातला बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जायचा. पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका करणारा कारागीर, व्हायोलिनंही करायचा तो, त्याने 1840च्या दशकात हा बांबू उभा चिरून, पट्ट्या तासून, सरसाने जोडून काठ्या केल्या. पुढे चीनचा टाँकिन बांबू आला आणि आपला मागे पडला. मग दुसरं महायुद्ध. बांबू येईना. अशात ओहायोतल्या एका कंपनीतले रसायनतज्ज्ञ डॉ. आर्थर हॉवल्ड यांच्या काठीचा शेंडा मोडला. दुसरा मिळेना, म्हणून त्यांनी काचेचे तंतू राळेत बसवून शेंडा केला. युद्धानंतर शेक्सपिअर कंपनीने तीच युक्ती 'वंडररॉड' म्हणून बाजारात आणली. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, आणि बांबूचं राज्य बुडालं ते बुडालंच. नाटककार शेक्सपिअरचा संबंध नाही, मी विचारलं.

काचेने पंचवीस वर्षं राज्य केलं. मग ब्रिटनमध्ये फार्नबरोला विमानांसाठी जो कार्बनचा धागा 1960च्या दशकात तयार झाला होता, तो 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फेनविक कंपनीने काठीत घातला. अमेरिकेत नाव पडलं ग्रॅफाइट. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट नव्हे. खरं नाव कार्बन, आणि जपानी, इंग्रज तसंच म्हणतात. आता हा धागा होतो कशाचा? ॲक्रिलिकचा! आपण ज्या लोकरीचे स्वेटर विणतो ना, त्याच जातकुळीचा धागा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर भाजतात, बाकी सगळं उडून जातं आणि उरतो कोळसा. आमच्या जावयांच्या 400 डॉलरच्या काठीत जळलेला स्वेटर आहे, आणि दुसरीकडे म्हातारबुवांच्या काठीत वाळू. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा कोल्हापूरकरांनी ताक मागितलं.

पण शास्त्राशी खोटं बोलायचं नाही. काचेचा धागा पाण्याच्या अडीचपट जड, कार्बनचा पावणेदोनपट. आणि ताठरपणा म्हणाल तर साधा कार्बनसुद्धा काचेच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे तेवढीच ताठ काठी कोळशाची केली तर कितीतरी हलकी. दिवसभरात हजारदा गळ फेकायचा असेल तर मनगटाला हा फरक कळतो. ग्रॅफाइटवाल्यांचा हा मुद्दा मला मान्य.

त्यांचा दुसरा मुद्दा संवेदनेचा. तो मला पटत नव्हता. म्हणून एका रविवारी मी स्वतःच लेक लेनियरवर गेले. त्यासाठी एका दिवसाचं लायसन्स काढावं लागलं. गळ टाकायला लायसन्स! काका असते तर खाडीत उडी मारली असती.

जावयांनी आधी हातात ग्रॅफाइट दिली. टोकाला ते जांभळं गांडूळ, आत गळ लपवलेला. "आई, तळाला जाऊ द्या. आता हळूच ओढा. काही करू नका, फक्त ऐका." ऐका म्हणे! मी ओढलं. आणि अहो, खोटं नाही सांगत, तळ हातात आला. इथे रेती, इथे दगड, इथे काहीतरी लाकूड. वीस फूट पाण्याखालचं ओंडक्याचं साल मला बोटांत कळलं. आंधळ्याला वाचता यावं तसं. मग एकदा नुसतं 'टक्' झालं. शेजारणीने दारावर नखाने वाजवावं एवढंच. जावई ओरडले, "मारा! मारा!" मी कोणाला मारू ते कळेपर्यंत मासा गेला. तो गांडूळ नुसतं तोंडात घेऊन चव बघतो आणि थुंकतो. तेवढ्या अवधीत काठीला झटका देऊन गळ प्लास्टिकमधून पार होऊन जबड्यात रुतायला हवा. त्याला ताठ काठीच लागते. मऊ काठी झटका स्वतःच पिऊन टाकते.

तोवर मी ग्रॅफाइट पक्षात जायच्या बेतात होते. पलीकडे धक्क्यावर बसलेले म्हातारबुवा हे सगळं बघत होते. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि आपली कुरूप काठी दिली. टोकाला लाकडी मासोळी, पुढे पारदर्शक जीभ, पोटाखाली नि शेपटाखाली तीन-तीन आकड्यांचे गळ. याला क्रँकबेट म्हणतात. यात ऐकायचं-बिकायचं काही नाही. फेकायचं आणि रहाट फिरवल्यासारखं रील फिरवायचं. मासोळी थरथरत, दगडांना धडकत येते. बॅसला चव बघायला वेळ नसतो, पळतं सावज दिसलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो.

इथे ग्रॅफाइटवाला माणूस काय करतो? त्याला धक्का तत्काळ कळतो, तो तत्काळ झटका देतो, आणि मासोळी माशाच्या तोंडात पुरती जायच्या आतच बाहेर ओढून घेतो. अतिहुशार मुलगा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, तसं. काचेची काठी मंद. तिला बातमी उशिरा पोचते. तोवर माशाने तोंड मिटून मान वळवलेली असते, गळ आपोआप बसलेला असतो. शिवाय ते तिहेरी गळ बारीक, ओठाच्या कातडीत जेमतेम अडकलेले. मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झाडतो तेव्हा ताठ काठीने ते फाटून निघतात. काचेची काठी वाकते, सैल सोडते, परत ओढून घेते. नव्या सुनेला सांभाळणाऱ्या शहाण्या सासूसारखी. (मी माझ्याविषयी बोलत नाही.)

आणि मला मासा लागला! काठीची कमान झाली, पार मुठीपर्यंत. मी ओरडले, नातू ओरडला, म्हातारबुवा शांतपणे तंबाखू चघळत होते. दीड पौंडाचा असेल. मी मनात कोकम भिजत घातलं, खोबरं वाटायला घेतलं. एवढ्यात जावयांनी त्याचा खालचा ओठ अंगठ्यात धरला, "आई, हसा" म्हणून फोटो काढला, आणि सोडला पाण्यात. माझ्या देखत. मी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोलले नाही.

बरं, काचेला नावं ठेवणाऱ्या कोल्हापूरकरांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून रिक क्लनचं नाव घेतलं. हा टेक्सासचा माणूस. बॅसमास्टर क्लासिक चारदा जिंकला, 1976, 1977, 1984 आणि 1990. क्रँकबेटला काचेचीच काठी हवी, हे जगभर ग्रॅफाइटचा डंका वाजत असताना तो सांगत राहिला. 2019 मध्ये वयाच्या 72व्या वर्षी फ्लोरिडात याने पुन्हा वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकली. ते म्हणाले, "काकू, तो अपवाद आहे." स्वतःला न पटणारा माणूस जिंकला की तो अपवाद. हे मी महाराष्ट्रातल्या निवडणुकांत पाहिलेलं आहे.

पण खरा तमाशा पुढेच आहे. मागच्या बुधवारचा.

जावयांनी नवी काठी मागवली होती. सर्वांत वरच्या ताठरपणाची, वजनाला पिसासारखी. संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाले, "आई, ही धरून बघा, काहीच जाणवत नाही." धरली. खरंच काही जाणवलं नाही. 400 डॉलर देऊन काहीच न जाणवणं ही श्रीमंतीच. मग त्यांनी ती हातात घेतली, "आता हिची ॲक्शन बघा" म्हणून शेंडा वर उचलला, आणि वर पंखा फिरत होता.

फट्.

एवढाच आवाज. चकली मोडल्यासारखा. चार बोटं शेंडा सोफ्यावर, दोन बोटं देवघराजवळ. घरात पाच मिनिटं कोणी बोललं नाही. लेक स्वयंपाकघरात गेली, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्याने नव्हे, एवढं मी आई म्हणून सांगू शकते.

नातवाने शांतता मोडली. "बाबा, माझी पण मागच्या महिन्यात लागली होती." त्याने आपली 40 डॉलरची काचेची काठी आणून दाखवली. पंख्याचा मार बसलेल्या जागी एक पांढरा ओरखडा. पंख्याच्या पात्याला मात्र खाच.

शास्त्र असं आहे की, धागा जितका ताठ तितका तो कमी लागतो, म्हणून काठीची भिंत पातळ होते. ही पातळ नळी वाकायला बळकट, पण कडेने टोला बसला की संपली. गंमत म्हणजे लगेच मोडेल असंही नाही. बोटीच्या काठावर आपटली, शिशाचं वजन उडून लागलं, आत केसाएवढी चीर गेली, तर ती आठ दिवसांनी मासा लागल्यावर मोडते. मग माणूस म्हणतो, "एवढा मोठा मासा होता!" तिथल्या तळ्यांत जेवढे मोठे मासे सांगितले जातात, त्यांतले निम्मे मोटारीच्या दारांनी धरलेले असावेत असा माझा संशय आहे.

आणखी एक. कोळशाच्या काठीतून वीज वाहते. मुठीजवळ चिठ्ठी चिकटवलेली असते, विजेच्या तारांपासून दूर राहा म्हणून. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात दुपार कलली की ढग गडगडतात, तेव्हा तळ्याच्या मध्यावर उभं राहून हातात सात फुटांचा कोळसा उंच धरणं म्हणजे काय, हे मी जावयांना माझ्या पद्धतीने सांगितलं. काच वीज वाहून नेत नाही हे खरं, पण ओल्या काठीच्या भरवशावर म्हातारबुवासुद्धा बसत नाहीत, ते पहिल्या गडगडाटाला घरी येतात.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माशाला तरी भारी काठी लागत असेल. तेही चाचपून पाहिलं. जगातला विक्रमी लार्जमाउथ याच जॉर्जियातला. 2 जून 1932, माँटगोमेरी लेक, जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा. 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. मंदीचे दिवस. त्याच्यात आणि मित्रात मिळून काठी एकच, आळीपाळीने फेकायची. तेव्हा ग्रॅफाइटही नव्हतं नि फायबरग्लासही नव्हतं. आणि त्या शहाण्या मुलाने तो मासा वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला! हे ऐकून मला जॉर्जियाविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला 75 डॉलरांचं सामान बक्षीस मिळालं.

हा विक्रम 77 वर्षं कोणी गाठला नाही. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी 22 पौंड 5 औंसांना केसभर कमी असा मासा धरला. तो पेरीच्या माशापेक्षा औंसभर जड, पण नियम म्हणतो, निदान दोन औंस जास्त हवेत. म्हणून बरोबरी! शिवाय कुरितांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. मासा धरून पोलीस चौकशी. ते पास झाले. आणि त्यांचं आमिष काय होतं ठाऊक आहे? जिवंत ब्लूगिल. हा मासाही अमेरिकेचाच, बॅसच्याच गोतातला. तो जपानात नेला कोणी, तर खुद्द युवराज अकिहितोंनी, 1960 मध्ये. शिकागोच्या महापौरांनी भेट दिला होता. पुढे तो इतका माजला की तिथले देशी मासे संपायला आले, आणि 2007 मध्ये, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी बिवाच्या काठच्या शिगा प्रांतात जाहीर खंत व्यक्त केली. बॅसलाही जपानात उपद्रवी परकीय म्हणून कायद्याने बांधलंय, आणि बिवात धरलेला परत सोडायला बंदी आहे. म्हणजे अमेरिकेतला पाहुणा जपानात जावई म्हणून गेला आणि घरजावई होऊन बसला.

आता आमच्या जावयांचं काय झालं ते सांगते. मोडलेली काठी दोन दिवस कोपऱ्यात उभी होती, सुतक असल्यासारखी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आई, तुम्ही सांगा. आता कुठली घेऊ?" साठी उलटलेल्या सासूला अमेरिकेत राहणाऱ्या जावयाने बॅसच्या काठीचा सल्ला विचारावा! मी पदर सावरून निकाल दिला, तो तुम्हालाही सांगून ठेवते, उद्या तुमचेही जावई विचारतील.

तळाशी गांडूळ खेळवणार असाल, जिग नावाचं जड आमिष उड्या मारत आणणार असाल, तर कोळशाची घ्या, पण मधल्या ताठरपणाची, टनांच्या मागे लागू नका. क्रँकबेट फिरवणार असाल तर काचेची, नाहीतर दोन्हींच्या मिश्रणाची, ती काचेपेक्षा हलकी असते. एकच घ्यायची ऐपत किंवा एकच ठेवायची बायकोची परवानगी असेल, तर मिश्रणाची. हातात काठी पहिल्यांदाच धरणाऱ्या पोराला काचेची द्या, ती त्याच्या मुलापर्यंत टिकेल.

जावयांनी सगळं नीट ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि तीन काठ्या मागवल्या.

त्या शुक्रवारी येतायत. मी रविवारी परत निघते, तेव्हा विमानतळावर टॅक्सीने जाईन. आणि तुमच्याकडे असलं काही आलंच, काचेचं असो की कोळशाचं, तर हॉलमध्ये उघडण्याआधी कोणाला तरी उठवून पंखा बंद करायला सांगा.